स्टिअरिंग जड का झाले? पॉवर स्टिअरिंगचा दोष क्रमाने शोधण्याची पद्धत

“स्टिअरिंग जड लागतंय” एवढीच तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलेल्या माणसाला बहुधा सर्वांत महाग दुरुस्तीचा अंदाज ऐकावा लागतो. त्यात दरवेळी मिस्त्रीची लबाडी असते असे नाही. या तीन शब्दांमागे टायरमधल्या कमी हवेपासून रॅकच्या, म्हणजे पुढची चाके वळवणाऱ्या आडव्या दातेरी पट्टीच्या, ऑइल अडवणाऱ्या रबरी सीलपर्यंत दहा वेगवेगळे दोष दडलेले असू शकतात, आणि त्यांतला कोणता हे ठरवायला लागणारी माहिती फक्त रोज गाडी चालवणाऱ्याजवळ असते. ती माहिती नीट कशी गोळा करायची आणि कोणत्या क्रमाने कोणती तपासणी करायची, हे गाडीचे बॉनेट आजवर फक्त पाणी भरायला उघडलेल्या वाचकासाठी येथे लिहिले आहे.

आधी एक भीती दूर करायला हवी. पॉवर स्टिअरिंग बंद पडले म्हणजे गाडी वळणारच नाही, असे नसते. स्टिअरिंगपासून चाकांपर्यंतचा लोखंडी जोड तसाच राहतो, फक्त मदत थांबते, आणि मग दोन्ही हातांनी जोर लावावा लागतो. मात्र ही मदत अचानक गेली तर पहिल्या वळणावर माणूस गोंधळतो, म्हणून दोष किरकोळ वाटला तरी तो अंगावर काढू नये. कन्नडच्या घाटातून उतरताना डिझेल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची काहींची सवय तर जिवावर बेतणारी आहे. इंजिन थांबले की स्टिअरिंगची मदत जाते, ब्रेकची मदतही दोन-तीनदा पॅडल दाबल्यावर संपते, आणि किल्ली जास्त फिरली तर स्टिअरिंग लॉकही होऊ शकते.

पहिली पायरी : गाडीत कोणती व्यवस्था आहे हे ओळखणे

बॉनेट उघडून बेल्टच्या जवळपास एक छोटी टाकी शोधावी. तिच्या झाकणावर स्टिअरिंगचे चित्र असते किंवा कोणते ऑइल घालायचे ते लिहिलेले असते. अशी टाकी असेल आणि तिच्यातून निघालेल्या नळ्या इंजिनच्या बेल्टवर फिरणाऱ्या पंपाकडे जात असतील, तर गाडीत हायड्रॉलिक व्यवस्था आहे. बोलेरो, जुनी इनोव्हा यांसारख्या आपल्याकडे वर्षानुवर्षे धावणाऱ्या गाड्या याच प्रकारच्या. पंप ऑइलला दाब देतो, तो दाब रॅकमध्ये जातो आणि चाके वळवायला हातभार लावतो.

टाकी कुठेच दिसली नाही, तर गाडी बहुधा इलेक्ट्रिक व्यवस्थेची आहे. आजच्या बहुतेक लहान गाड्या तशाच असतात. यात ऑइल नसते. स्टिअरिंगच्या दांड्यावर किंवा रॅकवर एक मोटर असते, हाताचा जोर मोजणारा सेन्सर असतो, आणि त्यानुसार किती मदत द्यायची हे एक छोटा संगणक ठरवतो. किल्ली फिरवताच डॅशबोर्डवर स्टिअरिंगच्या चित्राचा दिवा लागतो आणि इंजिन सुरू झाल्यावर विझतो. काही गाड्यांत टाकी असते, पण पंप बेल्टऐवजी विजेच्या मोटरवर चालतो. त्यांना पुढे दिलेल्या दोन्ही बाजूंच्या तपासण्या लागू पडतात.

दुसरी पायरी : तक्रार कागदावर उतरवणे

ही पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अर्धे निदान इथेच होते. दोन-तीन दिवस गाडी चालवताना पुढील गोष्टी टिपून ठेवाव्यात. स्टिअरिंग नेहमीच जड असते की फक्त जागच्या जागी वळवताना? डावीकडे जड आणि उजवीकडे हलके असा फरक आहे का? सकाळी पहिल्या दहा मिनिटांत जड असून नंतर सुटते, की उलट गाडी तापल्यावर जड होते? अ‍ॅक्सिलरेटर थोडा दिल्यावर हलके होते का? आवाज येतो तो घूं असा सलग, चूं असा चिरका, की कट असा एकदाच? तक्रार सुरू होण्याच्या आदल्या दिवशी काही झाले होते का, म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक आदळले, बॅटरी बदलली, अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणे) केली, की गाडी पाण्यातून काढली?

प्रत्येक उत्तर वेगळ्या दिशेला बोट दाखवते. जागेवर जड आणि अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर हलके, तर पंप किंवा बेल्ट. एकाच दिशेला जड, तर रॅकचा व्हॉल्व्ह किंवा सील. जुन्या हायड्रॉलिक गाडीत सकाळी जड आणि तापल्यावर सुरळीत, तर रॅकच्या आतली झीज. स्टिअरिंगच्या एका फेऱ्यात दोनदा जड आणि दोनदा हलके, तर दांड्यातला युनिव्हर्सल जॉइंट (दांड्याचे दोन तिरके भाग जोडणारा सांधा) अडकत असतो, आणि त्याचा पॉवर स्टिअरिंगशी काही संबंध नसतो.

तिसरी पायरी : टायर, माती आणि चाकांचा भाग

हवा आधी पाहावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर, थंड टायरमध्ये, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा आहे का ते मोजावे. लहान गाड्यांत हा आकडा साधारण 30 पाउंडांच्या आसपास असतो. पुढच्या चाकांत हवा आठ-दहा पाउंडांनी उतरली की स्टिअरिंग जागेवर फिरवताना चांगलेच जड लागते, आणि एका बाजूची उतरली की गाडी त्या बाजूला ओढते. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42-43 अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारी तापलेल्या टायरमध्ये मोजलेली हवा जास्त दिसते आणि ती पाहून कोणी काढून टाकली, तर सकाळी टायर कमी हवेवरच धावतात. म्हणून मोजणी सकाळीच करावी.

आपल्या भागातली आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गाडी आणली की काळी माती रिमच्या आतल्या बाजूला थापून बसते आणि दोन उन्हांत विटेसारखी कडक होते. ती एका जागी साचल्याने चाकाचा तोल जातो आणि ताशी 70-80 किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. समृद्धी महामार्गावर, जिथे कारला 120 पर्यंत परवानगी आहे, तिथे ही थरथर घाबरवून सोडते आणि माणूस थेट स्टिअरिंगवर संशय घेतो. आधी चारही चाकांच्या आतली माती काठीने खरवडून पाण्याच्या जोराने धुवावी, मगच बॅलन्सिंगला न्यावे. याच मातीने पुढच्या चाकांमागच्या रबरी बेलोचा (रॅकच्या टोकावरच्या घडीदार आवरणाचा) फाटका भागही झाकला जातो, त्यामुळे धुतल्याशिवाय पुढची तपासणी नीट होत नाही.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर पुढचे दोन टायर आपसात बदलून पाहावेत. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरचा आहे. बदलली नाही, तर अलाइनमेंट किंवा एका बाजूचा अडकलेला ब्रेक तपासावा. थोडे अंतर चालवून आल्यावर त्या बाजूचे रिम दुसऱ्यापेक्षा जास्त तापले असेल, तर ब्रेक अडकतो आहे. हात लावताना सावध राहावे. ज्या टायरवर बाणाने फिरण्याची दिशा दाखवलेली असते, त्यांची अशी अदलाबदल करू नये.

आता सांधे. सपाट जागी हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावून पुढची चाके जॅकने उचलावीत आणि गाडी मजबूत स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. चाकाला घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून आत-बाहेर हलवावे. खडखड जाणवली तर रॅकला चाकाशी जोडणारा बाहेरचा सांधा, म्हणजे टायरॉड एंड, किंवा आतला सांधा, म्हणजे रॅक एंड, झिजला आहे. बारा आणि सहाच्या जागी धरून हलवल्यावर जाणवली तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा गोल सांधा) किंवा चाकाचे बेअरिंग. खड्ड्यात आदळल्यावर येणारा ‘कट’ आवाज आणि हातात येणारा धक्का बहुतेक वेळा याच भागांतून येतो. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी खचलेल्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्यांनी ही तपासणी वर्षातून दोनदा करावी.

चाके उचललेली असतानाच, इंजिन बंद ठेवून आणि किल्लीने लॉक उघडून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवावे. ते सारखे आणि विनाअडथळा फिरले, तर सांधे आणि दांडा मोकळे आहेत, म्हणजे कमी पडते आहे ती फक्त मदत. चाके हवेत असूनही कुठे अडकत किंवा घासत असेल, तर पंप किंवा मोटर बदलण्यात अर्थ नाही.

चौथी पायरी : मदत मिळते का याची सोपी परीक्षा

गाडी जमिनीवर, इंजिन बंद. किल्लीने स्टिअरिंग लॉक उघडावे. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून, ब्रेकवर पाय ठेवून, एका हाताने स्टिअरिंग किंचित डावीकडे दाबून धरावे आणि तसेच धरून इंजिन सुरू करावे. मदत ठीक असेल तर इंजिन पेटताच स्टिअरिंग हाताखाली नरम पडून डावीकडे सरकते. हाच प्रयोग उजवीकडे करावा. दोन्हीकडे सारखे नरम पडले, तर निदान जागेवर उभे असताना मदत पोहोचते आहे.

पाचवी पायरी : हायड्रॉलिक गाडी

टाकीच्या भिंतीवर किंवा झाकणाच्या पट्टीवर थंड आणि गरम अशा दोन खुणा असतात. इंजिन थंड असताना पातळी थंडच्या खुणेपाशी हवी. कमी असेल तर नुसते भरून विषय संपवू नये. ही बंद व्यवस्था आहे, ऑइल खर्च होत नाही, म्हणजे ते कुठून तरी गळते आहे. पांढऱ्या कापडावर एक थेंब टेकवून त्याचा रंगही पाहावा. अनेक गाड्यांत हे ऑइल लालसर असते. ते काळपट झाले असेल आणि जळका वास येत असेल, तर जुने झाले आहे. त्यात काळे बारीक कण असतील, तर रबरी नळी आतून झडते आहे. दुधट असेल तर पाणी शिरले आहे, आणि फेस असेल तर हवा. भरताना झाकणावर किंवा पुस्तिकेत सांगितलेल्याच दर्जाचे ऑइल घालावे. ब्रेक ऑइल कधीही घालू नये, कारण त्याने पंपाचे आणि रॅकचे सील फुगतात आणि काही दिवसांत सगळी व्यवस्था गळू लागते.

गळती शोधायला एक जुना पुठ्ठा पुरेसा आहे. इंजिनखालचा भाग धुऊन कोरडा करावा, रात्री गाडीच्या पुढच्या भागाखाली पुठ्ठा सरकवावा आणि त्यावर चाकांच्या जागा खुणेने दाखवाव्यात. सकाळी डाग कुठे पडला यावरून वर पाहायचे. बेल्टच्या बाजूला असेल तर पंपाच्या शाफ्टचे सील किंवा नळीचा जोड. चाकाजवळ असेल तर तिथला रबरी बेलो दोन बोटांनी हलकेच दाबावा. निरोगी बेलो कोरडा आणि पोकळ लागतो. रॅकचे सील गेलेले असेल तर आत जमलेले ऑइल बोटांखाली पाण्याच्या फुग्यासारखे हलते आणि पट्टीच्या कडेने एक लालसर काळपट ओघळ मनगटाकडे येतो. तो ओघळ दिसला की निदान पक्के झाले. मग रॅकमध्ये नव्या सीलची किट टाकायची की रॅक बदलायचा एवढाच प्रश्न उरतो. ऑइल तापलेल्या सायलेन्सरच्या नळीवर ठिबकत असेल तर गाडी उभी करावी, कारण ते पेट घेऊ शकते.

बेल्ट इंजिन बंद करून, किल्ली काढून तपासावा. भेगा, सुटलेले धागे, आणि बाजूला आरशासारखी आलेली चकाकी पाहावी. हाताने ताण देण्याची सोय असलेल्या जुन्या गाड्यांत दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबल्यावर बेल्ट साधारण 10 मिलिमीटर खाली जावा, फार जास्त नको. नव्या गाड्यांत टेन्शनर आपोआप ताण देतो, तिथे तो मोकळा फिरतो का आणि आवाज करतो का ते पाहावे. इंजिन सुरू करताना किंवा स्टिअरिंग टोकाला नेताना येणारी चिरकी ‘चूं’ बहुधा बेल्टचीच असते. अनेक गाड्यांत याच बेल्टवर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर असतो, म्हणून चालत्या गाडीत स्टिअरिंग अचानक जड होऊन बॅटरीचा लाल दिवाही लागला, तर बेल्ट तुटला असे समजावे. तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून गाडी लगेच बाजूला घ्यावी, कारण काही इंजिनांत पाण्याचा पंपही तोच बेल्ट फिरवतो.

वळताना वाढणारी ‘घूं’ ऑइल कमी असल्याची, आत हवा असल्याची किंवा पंप झिजल्याची खूण आहे. पातळी पूर्ण करून हवा काढून पाहावी. पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवून, स्टिअरिंग दहा-पंधरा वेळा दोन्ही टोकांपर्यंत सावकाश फिरवावे. टाकीत बुडबुडे येत राहतील, पातळी उतरली की थोडे ऑइल घालत जावे. बुडबुडे थांबले की इंजिन सुरू करून पुन्हा तसेच करावे. फेस गेला, पातळी ठीक आहे आणि तरी घूं तशीच आहे, तर संशय पंपावर घ्यावा. पंपाचा दाब गेजनेच मोजता येतो आणि ते काम गॅरेजचे आहे. स्टिअरिंग पूर्ण टोकाला नेल्यावर येणारा बारीक फुसकारा मात्र दोष नाही. त्या टोकाला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ जोराने धरून ठेवू नये, तिथे पंपावर सर्वाधिक दाब येतो आणि ऑइल तापते.

सहावी पायरी : इलेक्ट्रिक गाडी

इथे माझा आग्रह आहे की सुरुवात बॅटरीपासूनच करावी. जागेवर स्टिअरिंग फिरवताना ही मोटर बॅटरीकडून मोठा करंट ओढते, आणि व्होल्टेज उतरले की संगणक मदत कमी करतो किंवा बंद करून दिवा लावतो. साधा मल्टिमीटर घेऊन, गाडी काही तास उभी असताना बॅटरीवर सुमारे 12.4 ते 12.7 व्होल्ट, आणि इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 व्होल्ट मिळतात का ते पाहावे. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर गरजेनुसार कमी-जास्त होतो, त्यामुळे चालू गाडीतला आकडा थोडा खालीही दिसू शकतो. हेडलाइट लावून, कोणाला तरी स्टिअरिंग फिरवायला सांगून आकडा किती पडतो तेही पाहावे.

जिंतूरच्या एका नातेवाइकाच्या लहान गाडीत स्टिअरिंगचा पिवळा दिवा रोज सकाळी लागायचा आणि गतिरोधकावरून गेले की कधी विझायचा, कधी पुन्हा लागायचा. एका गॅरेजने मोटरसह सगळा कॉलम (स्टिअरिंगचा दांडा) बदलण्याचा खर्च सांगितला. गाडी बघायला बसलो तेव्हा बॅटरीचे टर्मिनल स्वच्छ होते, पण ऋण टोकापासून बॉडीला गेलेली जाड वायर जिथे बोल्टने आवळलेली होती, त्या वॉशरखाली हिरवट पांढरा थर बसलेला होता आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. दहा नंबरच्या पान्याने तो काढला, वायरचे टोक आणि खालचा पत्रा पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासला, घट्ट आवळला. दिवा गेला. वायर पूर्ण सैल नव्हती, म्हणून इंजिन सुरू होत होते. मोटरने जास्त करंट मागितला की तेवढ्यापुरता जोड कमी पडत होता. दोष धक्क्याबरोबर ये-जा करत असेल, तर भाग बदलण्याआधी प्रत्येक जोड हाताने हलवून पाहण्याचा हट्ट मी तेव्हापासून धरतो.

बॅटरीनंतर फ्यूज. स्टिअरिंगचा फ्यूज मोठ्या अँपिअरचा, बहुधा बॉनेटखालच्या पेटीत असतो आणि त्याची जागा पेटीच्या झाकणावर छापलेली असते. तो जळलेला सापडला तर तेवढ्याच क्षमतेचा बदलावा. लगेच पुन्हा जळला तर वायर कुठेतरी घासून शॉर्ट होते आहे किंवा मोटर खराब आहे. जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावून वेळ मारून नेणे म्हणजे आगीला आमंत्रण देणे आहे.

उन्हाळ्यात एक प्रसंग हमखास घडतो. अरुंद गल्लीत गाडी मागे-पुढे करत सात-आठ वेळा स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवले की ते हळूहळू जड होते. मोटर तापल्यामुळे तिला वाचवण्यासाठी संगणकाने मदत कमी केलेली असते. गाडी थोडा वेळ तशीच ठेवली की मदत परत येते. ती परत आली आणि पुन्हा तक्रार झाली नाही, तर हा दोष समजू नये.

बॅटरी काढून लावल्यानंतर दिवा लागला असेल, तर अनेक गाड्यांत इंजिन सुरू ठेवून स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडे, एकदा पूर्ण उजवीकडे नेऊन मध्यावर आणल्यावर तो विझतो, कारण संगणकाला मध्यबिंदू पुन्हा कळतो. त्याने विझला नाही तर संगणकाने नोंदवलेले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर लावावा. स्टिअरिंगचे कोड बहुधा सी किंवा यू या अक्षराने सुरू होतात. बाजारात मिळणारे स्वस्त स्कॅनर बरेचदा फक्त इंजिनचे कोड वाचतात, म्हणून त्यावर ‘दोष नाही’ असे दिसले तरी स्टिअरिंग निर्दोष ठरत नाही. कोडही शेवटचा निकाल समजू नये. टॉर्क सेन्सरचा (हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) कोड सेन्सरच्या प्लगमध्ये पाणी शिरल्यानेही येतो, म्हणून प्लग काढून त्याच्या पिना आधी पाहाव्यात. स्टिअरिंगच्या दिव्यासोबत एबीएसचाही (जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणाऱ्या व्यवस्थेचाही) दिवा लागला असेल, तर कमी व्होल्टेज किंवा चाकाच्या वेगाचा सेन्सर आधी तपासावा, कारण किती मदत द्यायची हे गाडीच्या वेगावरही ठरते. एअरबॅगमुळे स्टिअरिंगचे चाक आणि त्याखालचे झाकण स्वतः उघडू नये.

गॅरेजमध्ये जाताना

दुसऱ्या पायरीत लिहिलेला कागद सोबत न्यावा आणि मिस्त्रीला एकदा स्वतःसोबत बसवून तो आवाज किंवा तो जडपणा प्रत्यक्ष दाखवावा. कोणता भाग बदलायचा हे सांगितल्यावर तो कोणत्या तपासणीवरून ठरवला हे विचारावे आणि काढलेला जुना भाग परत मागावा. रॅक, टायरॉड एंड किंवा बॉल जॉइंट बदलला असेल तर अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये, नाहीतर नवा टायर काही हजार किलोमीटरांत एका कडेने घासून जातो. इलेक्ट्रिक गाडीत कॉलम किंवा सेन्सर बदलला असेल, तर स्कॅनरने मध्यबिंदू बसवला का ते विचारावे.

गाडी घेतल्यावर मोकळ्या, सरळ रस्त्यावर ताशी 40 च्या आसपास चालवावी. रस्ता सरळ असताना स्टिअरिंगची आडवी पट्टी सरळ आहे ना, वळून हात सैल केल्यावर ते आपोआप मध्याकडे येते ना, आणि डावे-उजवे वळण सारख्याच जोराने घेता येते ना, हे पाहावे. नंतर गाडी थांबवून स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत एकदा फिरवावे, आणि हायड्रॉलिक गाडी असेल तर त्या रात्री पुठ्ठा पुन्हा एकदा खाली सरकवावा.